टरफलाचा दाखला

त्या राज्यात जो जन्मला तो तिथला, असा कायदा होता, आणि पुष्कळ वर्षं कुणाला त्याचा अर्थ विचारायची गरज पडली नव्हती.

राज्य म्हणजे एक रुंद, संथ नदी, तिचे दोन काठ आणि उन्हाळ्यात पात्राच्या मधोमध उघडं पडणारं वाळूचं बेट. नदीत एक सपाट खडक होता. एका भयंकर पुरानंतर, एकमेकांना खाऊन थकलेल्या सगळ्यांनी मिळून त्या खडकावर सनद कोरली, असं जुने लोक सांगत. सनदेत दोनच ओळी होत्या. या मातीवर जो जन्मला तो इथला. आणि कुणालाही त्याचं ऐकून घेतल्याशिवाय हाकलू नये. दरवर्षी पूर ओसरला की सनदेवरचा गाळ धुऊन काढायचा समारंभ होई. लांबलचक भाषणं होत, खडकावर फुलं वाहिली जात, आणि मग सगळे आपापल्या उद्योगाला लागत.

वाळूच्या बेटावर चिखले राहत. चिखल्या म्हणजे मुठीएवढा पक्षी: पाठ वाळूच्या रंगाची, गळ्याभोवती काळं कडं, पाय बारीक आणि सतत धावते. यांना साधं घरटं बांधायची अक्कल नाही, असं काठावरच्या सुगरणी म्हणत. तसं पाहिलं तर घरटं नव्हतंच. वाळूत एक उथळ खळगा, त्यात चार अंडी, आणि अंडी अशी ठिपकेदार, की शेजारच्या खड्यांत आईलाही ती दोनदा शोधावी लागत. ते ठिपके हीच त्यांची भिंत आणि तेच छप्पर.

यात एकच घात होता. अंडं बाहेरून खड्यासारखं दिसलं तरी आतून पांढरंशुभ्र असे. पिल्लू बाहेर पडलं की फुटक्या टरफलाची ती पांढरी बाजू उन्हात चमके, आणि आभाळात घिरट्या घालणाऱ्या घारीला तेवढं पुरे होई. म्हणून चिखल्यांची एक रीत होती. पिल्लाची लव वाळायच्या आत आईने टरफल चोचीत धरायचं, लांब न्यायचं आणि वाहत्या पाण्यात सोडून द्यायचं. आधी टरफल, मग लेकराचं तोंड. दुसरी रीत पिल्लांची. आईने ठरावीक शीळ घातली की जिथे असाल तिथे दबून बसायचं, हलायचं नाही, खडा होऊन जायचं. या दोन रीतींच्या जोरावर ही मूठभर जात इतक्या घारींच्या नजरेखाली टिकून राहिली होती.

गारू याच बेटावरची. तिचं अंडं गारेच्या तुकड्यासारखं दिसे, म्हणून नाव गारू पडलं. तिचा जोडीदार धोंडू. धोंडू भित्रा नव्हता, पण भिडस्त होता. कुणी दरडावून विचारलं की खरं तेच बोलून बसायचा. त्या वर्षी दोघांनी बेटाच्या वरच्या टोकाला खळगा केला आणि त्यात चार अंडी आली. दोघं आळीपाळीने बसत. गारू उठायची तेव्हा धोंडू उगीचच एखादा खडा इकडचा तिकडे सरकवायचा आणि घर लावल्यासारखं समाधान मानायचा.

त्याच सुमाराला काठावर एक बोलणं पसरलं. गेल्या पुरात खालच्या मुखाकडून परके घुसलेत, आणि आपल्यात मिसळून राहिलेत, असं. ते परके कुणी पाहिले नव्हते. पण मासे कमी झाले होते हे सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि दोन्ही गोष्टींची सांगड घालायला वेळ लागला नाही. काठावरची सभा भरली आणि तिने नियम केला: प्रत्येकाने आपण ज्यातून बाहेर पडलो ते टरफल नोंदणीत आणून दाखवावं. दाखवेल तो इथला. सनदेचं एक अक्षरही बदललेलं नाही, हे सभेने तीनतीनदा सांगितलं. या मातीवर जन्मला तो इथलाच. फक्त जन्मल्याचं दाखवा.

डोहातल्या न्यायासनावर कासवं बसत. त्यांनी नियम वाचला आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. कासवांनी मुद्दाम कुणाचं वाईट चिंतलं असं म्हणता येणार नाही. कासवीण अंडी वाळूत खोल पुरते आणि निघून जाते. टरफलं तिथेच गाडलेली राहतात. कासवांनी आपापल्या जागी उकरून पाहिलं आणि त्यांना सगळ्यांची टरफलं सापडली. मग जन्मलेल्याला टरफल दाखवता येऊ नये, असं होईलच कसं, असं त्यांना मनापासून वाटलं. पहारेकरी ऊद, म्हणजे पाणमांजरं, तर अंड्यातून येतच नाहीत, पण ते पहारेकरी असल्यामुळे त्यांना विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही.

अंड्यांवर बसलेल्या माद्यांना सभेने सवलत दिली. पिल्लं बाहेर पडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. त्यानंतर तीन दिवसांत मात्र आईने पिल्लांसकट आणि पिल्लांच्या टरफलांसकट हजर व्हायचं. ही सवलत किती माणुसकीची आहे यावर काठावर बराच वेळ बोलणं झालं.

धोंडूच्या हजेरीच्या दिवशी गारूही त्याच्याबरोबर गेली. अंड्यांवर ठिकरीमावशी बसली. ठिकरीमावशी बेटावरची सगळ्यात म्हातारी चिखली. नात्याने कुणाचीच मावशी नव्हती, म्हणून सगळ्यांची होती. नोंदणीला ढोकरी जातीचा एक बगळा कारकून होता. तो तासन् तास एका पायावर उभा राहून, कुणाकडे न पाहता, पायाखालच्या ओल्या गाळात चोचीने नोंदी करायचा.

रांगेत धोंडूच्या पुढे एक घोरपड होती. तिने टरफलांचा ढीगच आणून ओतला. यातलं तुमचं कुठलं, असं ढोकरीने विचारलं, तेव्हा सगळी आमच्या घरातलीच आहेत, असं ती म्हणाली. ते एका अर्थाने खरंच होतं. गारूने मान लांब करून पाहिलं. त्या ढिगात ठिपकेदार, आतून पांढरीशुभ्र अशी पाचसात टरफलं होती आणि प्रत्येकाला दाताचं एकेक भोक होतं. ढोकरीने ढीग मोजला आणि घोरपडीच्या घरातले अकरा जण इथलेच असल्याची नोंद केली.

मग धोंडूची पाळी आली.

“टरफल?” ढोकरीने विचारलं.

“नाही साहेब. आईनं पाण्यात सोडलं. आमच्यात सोडतातच.”

कारकून पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे पाहत राहिला. त्याने कुत्सितपणे पाहिलं नाही. एखादी अडलेली नोंद आपोआप सुटावी तसं त्याचा चेहरा मोकळा झाला. पुरावा घरच्यांनीच नाहीसा केल्याचं स्वतः कबूल करतो, असं त्याने लिहिलं. धोंडूने मान डोलावली, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. उदांनी त्याला बाजूला घेतलं आणि त्याची उडायची पिसं एकेक करून काढून घेतली. निकाल लागेपर्यंत ती जमा राहतील, आणि नाहीतरी पिसं पुन्हा येतात, असं त्यांनी गारूला समजावलं. धोंडूला खालच्या अंगाच्या काळ्या खडकावर नेऊन ठेवलं. त्या खडकाच्या कडा उभ्या होत्या. पाणी खाली दिसायचं, पण पिसांवाचून तिथवर उतरता येत नसे.

गारूने त्याच दिवशी डोहावर अर्ज केला. सनदेवर तिचा पूर्ण विश्वास होता. लहानपणापासून तिने खडक धुण्याचे समारंभ पाहिले होते आणि त्या दोन ओळी तिला पाठ होत्या.

डोहातलं कामकाज चालायची एक पद्धत होती. तीन कासवं श्वासाला वर यायची, अर्जदाराचं एक वाक्य ऐकायची आणि विचार करायला तळाशी जायची. पुन्हा वर येईपर्यंत थांबायचं. कधी दुपार जाई, कधी दोन दिवस. आणि प्रत्येक वेळी काठावरचा ढोकरी ‘ऐकून घेतले’ अशी नोंद करी, म्हणजे सनदेची दुसरी ओळ पाळली गेली असं होई. गारू काठावर वाट पाहत उभी राही. तिकडे वाळू तापायची. ठिकरीमावशीचे म्हातारे पंख चार अंड्यांना पुरत नव्हते, हे गारूला ठाऊक होतं. इथून गेलं तर धोंडूचा अर्ज फेटाळला जाईल आणि थांबलं तर अंडी भाजतील, या काळजीत तिला एक क्षण धड उभं राहवत नसे. पाचव्या दिवशी संध्याकाळी ती परतली तेव्हा चारातलं एक अंडं निकामी झालं होतं. मावशीने ते आधीच वेगळं काढून वाळूने झाकलं होतं.

पुढच्या सुनावणीला एक वाईट गोष्ट घडली. साक्षीच्या वेळी अंतर राखायला म्हणून एक ऊद गारूच्या अगदी जवळ येऊन उभा राहिला. शिकार करणारं जनावर इतकं जवळ आलं आणि मनात घर असलं की चिखलीचं अंग तिचं राहत नाही. गारू धप्पकन कुशीवर पडली आणि एक पंख मोडल्यासारखा फरफटत निघाली. शत्रूला पिल्लांपासून लांब न्यायची ही त्यांची जुनी युक्ती. ती करायची असं कुणी ठरवत नाही. पंखाला काय झालं, असं धाकट्या कासवाने काळजीने विचारलं. काही नाही झालं, असं गारूला सांगावं लागलं. मग हे काय होतं? आमचं असं होतं, एवढंच तिला म्हणता आलं. काठावर हशा पिकला. अर्जदार न्यायासनासमोर दुखापतीचं खोटं सोंग करते, असं ढोकरीने लिहून ठेवलं. गारूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धोंडूसाठी आली आणि त्याचंच नुकसान करून बसली, असं तिच्या मनाने घेतलं.

तरी ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. या खेपेला थोरलं कासव वर आलं आणि त्याने स्वतः प्रश्न विचारला. आवाजात जरब नव्हती.

“बाई, तुमच्या सासूनं ते एक टरफल जपून ठेवलं असतं, तर आज काय बिघडलं असतं?”

“मायबाप, ठेवलं असतं तर टरफल राहिलं असतं. धोंडू राहिला नसता.”

थोरल्या कासवाने मान आत घेतली नाही, ते बराच वेळ तसंच पाहत राहिलं. आपल्या पुरलेल्या अंड्यांखेरीज दुसऱ्या कुणाच्या अंड्यांचा विचार त्याने आयुष्यात प्रथमच केला असावा. मग ते तळाशी गेलं. गारूला इतकी आशा वाटली की तिने काठावरच दोन फेऱ्या धावून काढल्या.

तिसऱ्या दिवशी निकाल आला. अर्जदाराने उपस्थित केलेला मुद्दा अत्यंत महत्त्वाचा आहे. तो इतका महत्त्वाचा आहे की तीन कासवांनी त्यावर निर्णय देणं योग्य होणार नाही. तो सात कासवांपुढे ठेवावा. सात कासवं नदीच्या वेगवेगळ्या डोहांत असतात, आणि पाणी चढल्याशिवाय त्यांना एकत्र येता येत नाही. तोवर परिस्थिती जैसे थे ठेवावी. पाणी चढेल तेव्हा वाळूचं बेट बुडालेलं असेल आणि अंड्यांचं जे व्हायचं ते होऊन गेलं असेल, हे कुणी बोलून दाखवलं नाही. उलट काठावरच्या बऱ्याच जणांनी गारूचं अभिनंदन केलं. एवढी मोठी गोष्ट तिच्या अर्जामुळे विचारात घेतली जाणार होती.

त्या दुपारी ती काळ्या खडकाकडे उडत गेली. उतरायला बंदी होती. शेजारच्या दगडावरून बोलता येई. धोंडू एका फटीत अंग चोरून बसला होता. पिसं नसलेल्या पंखांत तो निम्मा झाला होता. तिने निकाल सांगितला. त्याने तो नीट ऐकला असं वाटलं नाही.

“ऊन फार आहे,” तो म्हणाला. “अंड्यांवर कोण बसलंय?”

“मावशी.”

“तिला झेपत नाही. तू इथं काय करतेस? घरी जा.”

गारू गेली. एका अंड्याचं तिने त्याला सांगितलं नाही. पुढचे आठ दिवस ती खळग्यावरून हललीच नाही. उन्हात चोच उघडून, पंख अर्धे पसरून बसून राहिली. नवव्या दिवशी मावशीला बसवून ती खडकावर गेली, तर ती फट रिकामी होती. पलीकडच्या फटीत दुसरा एक चिखल्या होता. परवा भर दुपारी धोंडू पाण्याकडे बघत कडेपर्यंत सरकत गेला, एवढंच त्याने सांगितलं.

ती तशीच नोंदणीवर आली. ढोकरीने तिचं सगळं शांतपणे ऐकलं, गाळातल्या जुन्या ओळी चाळून पाहिल्या आणि मान हलवली.

“असं होणार नाही, बाई. जैसे थेचा हुकूम आहे. आमच्या नोंदीत तो खडकावरच आहे.”

तो खोटं बोलत नव्हता आणि चेष्टाही करत नव्हता. जाताना त्याने तिला आठवण करून दिली की विणीची सवलत पिल्लं बाहेर पडली की संपते. तुमचं स्वतःचं टरफल नाही हे नोंदीत आलेलं आहे, असंही तो म्हणाला. पिल्लांची आणलीत तर पिल्लांची सोय होईल.

रडायला चिखलीला वेगळा आवाज नाही. गारू परत आली, खळग्यावर बसली आणि धोंडू सरकवायचा तसा एक खडा तिने इकडचा तिकडे केला. आता तिच्या हातात एकच गोष्ट उरली होती. आपलं काय व्हायचं ते होवो, पण ही तीन लेकरं काळ्या खडकावर जाता कामा नयेत. दिवसभर ती एवढंच घोकत राहिली, आणि घोकता घोकता तिच्या मनाचा काहीतरी निश्चय झाला.

दोन दिवसांनी सकाळी अंडी आतून टोचली गेली. उन्हं वर यायच्या आत तिन्ही पिल्लं बाहेर पडली, ओली, धडपडती, डोळे टक्क उघडे असलेली. ठिकरीमावशी सवयीने पुढे झाली आणि तिने पहिलं टरफल चोचीत उचललं.

“खाली ठेव, मावशी.”

मावशीला वाटलं, पोरीला स्वतःच्या चोचीने न्यायचं असेल. तिने टरफल ठेवलं. पण गारूने ते पाण्याकडे नेलं नाही. तिने ते खळग्याच्या कडेला लावलं, वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्या काठावर एक खडा ठेवला, आणि मग दुसरं चोचीत धरलं. मावशीचा आधी विश्वासच बसला नाही. मग ती बोलली, तिने विनवलं, ती रागावली. तिच्या आयुष्यात असं झालेलं नाही, तिच्या आईच्या आयुष्यात झालेलं नाही, असं म्हणाली. वर बघ, वर बघ, असं ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

“मी खाली बघून आलेय, मावशी,” गारू म्हणाली. “तीनच दिवसांचा प्रश्न आहे. उद्या पोरांच्या पायांत बळ आलं की लगेच घेऊन जाते.”

मावशी बाजूच्या खड्यांत जाऊन बसली.

पिल्लांची लव वाळली आणि ती चालू लागली, तेव्हा गारूने त्यांना त्यांच्या आयुष्यातला पहिला धडा दिला. किडा कसा टिपायचा ते नव्हे, पाण्याची वाट कोणती तेही नव्हे. तिने प्रत्येकाला त्याच्या त्याच्या टरफलापाशी नेऊन उभं केलं. हे तुझं. हे तुझं. आणि हे तुझं. काही झालं, कुणी आलं, कितीही भीती वाटली, तरी याला सोडून जायचं नाही. हे असलं म्हणजे तुम्हाला कुणी काही करू शकत नाही. पिल्लं हुशार होती. दोनतीन वेळा तिने त्यांना लांब नेऊन सोडलं आणि दर खेपेला ती न चुकता आपापल्या टरफलापाशी धावत परत आली. धोंडू गेल्यापासून गारूला पहिल्यांदाच जरा हलकं वाटलं. तिन्ही टरफलं पांढरी बाजू वर करून नीट ओळीत मांडलेली होती, आणि ऊन चढेल तशी ती अधिकच स्वच्छ दिसत होती.

दुपारी वाळूवरून एक सावली सरकत गेली. थोड्या वेळाने ती पुन्हा आली, पहिल्यापेक्षा लहान फेरा घेऊन. गारूने वर पाहिलं आणि तिच्या गळ्यातून शीळ निघाली, तीच जुनी, ठरावीक, हजार पिढ्यांची.

बेटावरची इतर सगळी पिल्लं जिथल्या तिथे दबली आणि खडे होऊन गेली. गारूची तिन्ही पिल्लं दूर, गोट्यांच्या दाटीत खेळत होती. ती शीळ ऐकताच उठली, आपल्या बारीक पायांनी जीव तोडून उघड्या वाळूवरून धावत आली, आणि आपापल्या पांढऱ्या टरफलात शिरून, मान ताठ करून उभी राहिली.